उन्हात बघायचा रंग

मंगळवार, संध्याकाळ

चादरींचं सूत विटकरी आलं. रंगाऱ्याने पाठवलेल्या फोटोत चांगलं डाळिंबी होतं! त्या नरसय्यावर उखडलो, तर म्हणतो, "मालक, रंग उन्हात बघायचा असतो की." तोच फोटो बायकोच्या जुन्या एलसीडी फोनवर विटकरीच दिसतोय. म्हणजे माझ्या नव्या फोनचा अमोलेड स्क्रीनच रंग भडक करून दाखवतो?

मग लेकीने पुण्याहून पाठवलेला फोटो? माझ्या फोनवर गाल कसे लालबुंद. बायको कधीची म्हणतेय, पोर सुकलीय. मी तिलाच वेड्यात काढत होतो. आत्ता तिच्या फोनवर बघितलं. गाल पार उतरलेले. की तिचा स्क्रीनच फिका पडलाय? पोरगी तर म्हणते, मजेत आहे. तेही खरं कशावरून?

सकाळच्या एसटीने पुण्याला जातो. पोरीला उन्हात बघतो.