क्षीराकर्षण यंत्राचं काय करायचं

६ जाने., मंगळ.
सकाळी मृणूचा फोन. सातवा लागला. डॉक्टर खूश, वजन ठीक, पाय सुजत नाहीत. ठेवता ठेवता म्हणाली, "आई, रेवाच्या वेळचा तो दुधाचा पंप आहे ना गं अजून?"
आहे ना म्हणजे! या घरातून आजवर काही बाहेर गेलंय? फक्त मुलगी गेली.
मी त्याला क्षीराकर्षण यंत्र म्हणायचे. बाकीचे पंप म्हणायचे. आठवी-नववीला संस्कृत शिकवणाऱ्या बाईने दुसरं काय म्हणावं.
पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. रीत आहे, तक्रार नाही. (थोडी आहे.) या खेपेला चौलहून उरणला माझ्याकडून काय जाणार, तर डिंकाचे लाडू आणि सूचना. आता यंत्रही जाईल. दिवसभर उगाच हलकं वाटलं. नववी ब ला गृहपाठ द्यायचा विसरले. वर्गाने आठवण केली नाही. गुणी मुलं.

८ जाने., गुरु.
यंत्र माळ्यावरून उतरवलं. मी चढले, ह्यांनी शिडी धरली व मार्गदर्शन केलं.
नळी पिवळी, आत काळे ठिपके. झडपा मऊ पडल्यात. मोटर मात्र लावली तर चालू! घर्र, घुप्. घर्र, घुप्. दोघं उभे राहून ऐकत बसलो. (उभे राहून बसलो. असू दे, रोजनिशी आहे.)
रेवा वेळेआधी आली. ती अलिबागच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. मृणूला घरी सोडलेलं. ओढून प्यायचं बळ नव्हतं पोरीत. मग इथे मधल्या खोलीत मृणूने यंत्र लावायचं, आणि थर्मासात बर्फ घालून ह्यांनी स्कूटरवरून दूध अलिबागला पोचवायचं. जन्मात कधी पिशवीचं दूध आणायला न गेलेला माणूस! एकदा नाक्यावर कुणी हटकलं, "काका, थर्मासात माडी हाय काय?"
"तीर्थ," म्हणाले हे, आणि निघाले.
घर काय भरलेलं होतं तेव्हा. शेगडीवर अळिवाची खीर, ओव्याची धुरी, दोऱ्यांवर दुपटी. शेजारणींची ये-जा. पुढे रेवा घरी आली, चांगली गुबगुबीत झाली, तरी मृणू राहिली होती. उन्हाळा कधी आला कळलंही

(कुकर.)

९ जाने., शुक्र.
विहीणबाईंचा फोन. उरणच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.
पूर्वपक्ष मी: नव्या बाळाला नवं घालत नाहीत. आधी जुनंच, कुणा धडधाकट मुलाच्या अंगावरचं. रेवाची झबली तुम्हीच मागून घेतलीत. मग यंत्रालाही तोच न्याय.
उत्तरपक्ष त्या: "ओ विहीनबाय, झबल्याला काय मोटार हाय काय?"
सिद्धान्त: अनिर्णित. पण मनात म्हटलं, बाई शास्त्रार्थाला बसल्या असत्या तर हरलेल्या पुष्कळ पंडितांची शेंडी गेली असती.
"आमी नवा घेऊ की," म्हणाल्या. "तुमी जीव कशाला काढताव?"
नवा घेऊ की. बरोबरच आहे. मला का टोचलं कुणास ठाऊक.

११ जाने., रवि.
मृणूने डॉक्टरला विचारलं. स्वतःचाच वापरलेला असेल तर चालेल, पण नळी, झडपा, दुधाला लागणारं सगळं नवं हवं, आणि मोटर पहिल्यासारखी ओढते का ते बघायचं. अलिबागच्या औषधवाल्याला विचारलं. म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल बंद झालं. पार्ट मागवावे लागतील. मागवू?"
सांगते म्हटलं.

१३ जाने., मंगळ.
आज मोटर बंद. सकाळपासून ढिम्म. काल रात्री तर चालत होती. वायर, पिन, दुसरं बटण, सगळं झालं. हे पेपरात तोंड खुपसून. जरा जास्तच खुपसून.
"तुम्ही काही केलंत का?"
"काही नाही. दोन थेंब टाकले."
"कसले?"
"आपल्या वाडीचं खोबरेल. घरघरत होती ना."
या घरात बिजागरी, कुलूप, शिलाई मशीन, गुडघे, केस, सगळ्यांवर एकच औषध. नारळाची वाडी असली की माणसाची बुद्धीही त्यातच मुरते. पण थंडीत खोबरेल थिजतं, हे वाडीवाल्याला मी सांगायचं?
यंत्र अंगणात उन्हात ठेवलं, वाळवणाशेजारी. दुपारी बाराला चालू! "बघ," म्हणाले हे, विजयी मुद्रेने. म्हणजे आता बाळाने दुपारीच भूक लावून घ्यायची.
पुष्कळ हसले. मग जेवायला बसल्यावर लक्षात आलं. उद्या सकाळी परत थिजेल. असलं यंत्र मी कुठल्या तोंडाने देऊ?

१८ जाने., रवि.
मृणू, जावई, रेवा येऊन गेली. जावयाने गाडी इतकी हळू आणली की रेवा म्हणे, "आजी, आम्हाला सायकलने मागे टाकलं."
जेवणानंतर ह्यांना राहवेना. यंत्र आणलं, लावलं. दुपार होती, चाललं. घर्र, घुप्. रेवाने पोटाला लावून बघितलं, खिदळली.
मृणू उठून मागच्या दारी गेली. मला वाटलं, उलटी. पाणी घेऊन गेले. पायरीवर बसली होती.
"बंद करायला सांग ना बाबांना."
सांगितलं. शेजारी बसले. म्हणाली, "आई, तुला तो आवाज आवडतो, ना?"
"घर भरलेलं होतं गं तेव्हा."
"माझी मांडी रिकामी होती."
पाण्याचा पेला तेवढा पुढे केला. एवढी शब्दांवर पोट भरणारी मी.
मग तीच म्हणाली, "लावून बसले की वाटायचं, हे बाळ नाहीये. मशीन आहे." पाणी पिऊन, "पण त्यावरच रेवा जगली." आणि पुन्हा, "हेही बाळ आधीच आलं तर?"
म्हणजे ते. यंत्र आहे का असं तिने विचारलं, तेव्हा हे विचारत होती. मला वाटलं, माझ्याकडचं काहीतरी मागतेय.
"असं काही होत नाही," म्हटलं नाही. मला काय माहीत. पाठीवरून हात फिरवत राहिले.
निघताना यंत्राचा डबा घेतला नाही. टाक असंही म्हणाली नाही. लाडू नेले.

१९ जाने., सोम.
माझं सुखाचं पर्व ते तिचं कसलं पर्व होतं? एकच घर, एकच खोली. मी खिरीला वेलची कुटत होते आणि ती पलीकडे
शाळेत आज काही धड शिकवलं नाही.

२१ जाने., बुध.
डबा टेबलावर. हे म्हणाले, "वर ठेवू?"
"नको."
"मग देऊन टाकायचा?"
"कुणाला? थंडीत बंद पडतो म्हणून सांगू?"
डबा त्यांनी पुढ्यात ओढला. मग हळूच, "मोटर उघडून पुसून बघतो. तेल न घालता." गरीब बिचारे. त्यांचंही त्या स्कूटरवर काहीतरी राहिलंय. म्हटलं, बघा.
आत्ता मृणूचा फोन.
"आई, त्या नळ्या मागवल्यास का गं?"
"नाही अजून."
"मागव."
"बरं."
"नको, थांब."
"बरं."
फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.