अध्यक्षांची गाडी आणि चार्जरचा प्लग

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींची कंबर कशी आहे? तुमचं प्रेशर? (आजची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, मग पुढे वाचा.) फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणता आणि मला मुद्दाच आठवेनासा होतो.

तर, मी मजेत आहे असं आईला सांगा. तुमच्या शब्दावर मिळालेल्या या गोल्फ क्लबातल्या नोकरीला रविवारी तीन महिने होतात. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते मॅनेजरसाहेब त्याच दिवशी ठरवणार. विश्वासाने सोपवलेलं काम एकच: अध्यक्षांच्या विजेवरच्या गाडीला नव्या बॅटऱ्या आणि चार्जर निवडणे. अध्यक्षांचे गुडघे दुखतात. गाडी चालली तरच अध्यक्ष चालतात.

निवडीत मी कसूर केली नाही. सीटखालचा खण चारही बाजूंनी दोनदा मोजला (दोन्ही वेळा माप सारखंच आलं, म्हणून शंका येऊन तिसऱ्यांदा मोजला). गाडी अठ्ठेचाळीस व्होल्टची. बारा व्होल्टच्या चार की आठ व्होल्टच्या सहा, यात माझे अकरा दिवस गेले. पुठ्ठ्याच्या सहा खोट्या बॅटऱ्या करून बसवून पाहिल्या. शेवटी आठच्या सहा घेतल्या, तुमच्याच दुकानातून, आणि तुम्ही दिलात तोच चार्जर: बॅटरी भरली की दिवा तांबड्याचा हिरवा होतो आणि चार्जर आपोआप बंद पडतो.

मामा, माझं सगळं अडलं ते या 'आपोआप'शी. आठवतं? लहानपणी तुमच्या दुकानात मी एक बॅटरी चार्जिंगला लावून विसरलो होतो आणि ती फुगली होती. तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "लावतं कोणीही, काढायचं कोणी लक्षात ठेवायचं?" तेव्हापासून मी लक्षात ठेवतो. इथे प्लग लावला की अर्ध्या तासाने वाटतं, तापली असेल. हात लावून पाहतो. गारच असते. पण गार आहे म्हणून गाफील राहायचं का? काढतो. पुन्हा लावतो. पुन्हा काढतो. हिरवा दिवा मी अजून पाहिलेला नाही.

परिणाम काल झाला. अर्ध्या चढावर गाडी थांबली, आत अध्यक्ष. खालून मी आणि माळीकाका ढकलत होतो. काका धापा टाकत म्हणाले, "बॅटरीवर चालते म्हणे! ही तर माझ्या जेवणावर चाललीय." अध्यक्ष वरून म्हणाले, "जरा डावीकडून ढकला." मॅनेजरसाहेबांनी खिशातली डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. आज सकाळी सातला त्यांनी स्वतः प्लग लावला आणि बजावलं, "हिरवा दिवा लागेपर्यंत हात लावायचा नाही. आठ तास लागतील." सध्या मी त्या चार्जरसमोर स्टुलावर बसून, हात गुंतलेला राहावा म्हणून हे पत्र लिहितो आहे. अडीच वाजलेत. दिवा तांबडाच आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. मुद्दा असा: रविवारी स्पर्धा आहे. शनिवारी हे पत्र मिळालं की मॅनेजरसाहेबांना फोन करून 'सहापैकी एक बॅटरी मुळातच खराब गेली, पोराचा दोष नाही' असं सांगाल का? दुकानाचं नाव थोडं जाईल, पण ते तीस वर्षांचं आहे. माझं तीनच महिन्यांचं.

ता. क. २. वरचं वाचून माझीच मला लाज वाटली. बॅटऱ्या उत्तम आहेत. फोन करू नका. दिवा हिरवा होऊ दे, मग मी स्वतःच साहेबांना खरं काय ते सांगतो. वीसच मिनिटं उरलीत.

ता. क. ३. फोन करा. मघाशी चार्जरचा पंखा जरा जोरात वाजला, आणि आता प्लग माझ्या हातात आहे.