विमानासाठी केलेली माती

११ जानेवारी १९२१, मंगळवार
विमान येणार! शुक्रवारी! गाव नुसतं वेडं झालंय. उतरायची जागा करायचं काम साहेबांनी कचेरीतून नेमकं माझ्याच गळ्यात मारलं. पत्रात एवढंच — चारशे पावलं सपाट जमीन, दगड नको. विमान मी कधी पाहिलेलं नाही. साहेबांनीही नाही.

१२ जानेवारी
तालमीतल्या ज्ञानूला बोलावलं. कुस्तीची माती करावी तर त्यानंच. म्हटलं, मैदान तसंच उकर, पाणी मार, मऊ कर. आभाळातून पडणाऱ्याला लागायला नको!
तो डोकं खाजवत म्हणाला, "आण्णा, त्येला चाकं हायती म्हणं. रुततील की."
"बैलगाडी आहे का ती!" मी हसलो. तो कामाला लागला.

१४ जानेवारी
उतरलं. चाकं रुतली. विमान नाकावर उभं राहिलं, मग उताणं पडलं. लोक टाळ्या वाजवत होते — त्यांना वाटलं, असंच उतरतं! चालवणाऱ्या गोऱ्याला ओढून काढलं तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. मी दहा हातांवर उभा. काही वाटलं नाही. आत्ता लिहितानाही वाटत नाही.

१५ जानेवारी
पाय कापला म्हणे.

१७ जानेवारी, सोमवार
साहेबांनी बोलावलं. "माती उकरायला कुणी सांगितलं?"
"ज्ञानूनं आपल्या मनानं उकरली." चटकन बोलून गेलो. आवाजही कापला नाही.
बाहेर आलो तर ज्ञानू पायरीवर बसलेला. "जेवलासा काय, आण्णा?" म्हणाला. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१९ जानेवारी
ज्ञानूची तालमीतली चाकरी गेली. मलकापूरला बहिणीकडे गेला. वीस वर्षं त्या मातीत होता. मी जेवतो, कचेरीत जातो, झोपही लागते. बायको म्हणते, "बोलत का नाही?" आमटीत मीठ नव्हतं, तेही मला कळलं नाही.

२२ जानेवारी
साहेबांपुढे उभा राहिलो. सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी समोरचं दप्तर उघडलं. मग म्हणाले, "सोमवारी तुझ्या आधी ज्ञानू येऊन गेला होता. म्हणाला, आण्णांचा काय बी दोष न्हाय, माती म्या केली. मी ते लिहूनही घेतलं होतं. तुला नुसतं विचारायचं म्हणून विचारलं."