पिल्लाला बाहेर नेलंच नव्हतं

वसई, ऑगस्ट २००१

प्रिय मर्लिन,

शाळा सोडल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, रागावली असशील. आता जनावरांच्या दवाखान्यात बसून लिहितेय. मांडीवर आमचं पिल्लू आहे, भुरा. त्याच्या पायाला सलाईन लावलंय.

माझ्या नवऱ्याने, सुमेधने, ते मला सोबत म्हणून आणलं. मी नोकरी सोडायची, एकटीने खाली उतरायचं नाही, हे लग्नानंतर त्यानेच ठरवलं. मग घरात करमावं म्हणून पिल्लू. त्यालाही खाली न्यायचं नाही. लस टोचून आणूया म्हटलं, तर म्हणाला, "घरातल्या कुत्र्याला कशाला?" तो कामावर गेला की दाराची किल्ली सासूबाईंकडे असते. फोनलाही कुलूप आहे.

गेल्या आठवड्यात भुराने खाणं सोडलं. कोपऱ्यात तोंड घालून पडायचा, पिवळा फेस ओकायचा. सुमेधने जंताचं औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि असा वास सुटला की सासूबाईच म्हणाल्या, "चल गं, नेऊया याला."

डॉक्टर प्लासिडना वासावरूनच शंका आली असावी. हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटलेलं. लस दिली नाही हे ऐकून लगेच रक्त घेतलं. रक्तात पांढऱ्या पेशी फार कमी निघाल्या, आणि विष्ठा तपासायच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. "पार्वो, कुत्र्यांचा साथीचा रोग," म्हणाले. मी म्हटलं, याला तर बाहेर नेलंच नाही. "चपलांना लागूनसुद्धा घरात येतो हा," ते म्हणाले. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, पिल्लासाठी.

तेव्हापासून रोज सलाईनसाठी येते. सासूबाईंना वास सोसत नाही, त्या बाहेर बाकावर बसतात. आत मी, भुरा आणि एक खिडकी. रस्ता दिसतो. माणसं आपापल्या कामाला जाताना दिसतात. इतकं बाहेर मी दोन वर्षांत बसले नव्हते.

काल भुराच्या पोटात पाणी टिकलं. आज त्याने पेज चाटली. डॉक्टर म्हणाले, "वाचला. उद्याचं सलाईन शेवटचं." मी मान हलवली. म्हणजे परवापासून पुन्हा ते बंद दार.

म्हणून हे पत्र. डॉक्टर तुमच्या सांडोर गावचेच, आज संध्याकाळी तुझ्या हातात देतील. उद्या सकाळी इथे ये, मर्लिन. मला लपून पळायचं नाही. सासूबाईंच्या समोरूनच निघायचंय, पण एकटीने पाय उचलला जाणार नाही. भुरालाही आणीन. तुझ्याकडे कुत्रा आहे असं डॉक्टर म्हणाले; त्याला लस दिलीय ना, ते बघ. नसेल तर भुराला बरेच दिवस वेगळं ठेवावं लागेल. मला कुठेही ठेव.

तुझीच,
विनया