जांभळ्या खोक्यांचा बंदोबस्त

१ मार्च, सोमवार. सकाळी.
नगरपालिकेचा माणूस आला, हातात भिंग. गावात परदेशी किडा शिरलाय, सालीखाली घुसून झाडं वाळवतो म्हणे. रस्त्यावरच्या झाडाझाडाला एकेक जांभळं चिकट खोकं टांगलं. माझ्याही. बावीस वर्षं या झाडाखाली माझं इस्त्रीचं टेबल आहे. झाड गेलं तर वरून ऊन, खालून इस्त्री, दोन्हीकडून भाजणार मी. भिंगवाला खोक्याबद्दल लांबण लावत होता. म्हटलं, कळलं हो, किडा चिकटतो नि मरतो, निघा आता.
आजपासून रोज लिहायचं. आणि कुणावर ओरडायचं नाही.

२ मार्च.
नवऱ्याला सोडून.

४ मार्च, गुरुवार.
माझ्या खोक्यात दोन किडे. हिरवे, चकचकीत, लग्नाला निघाल्यासारखे. एका खोक्यावर काय भागणार? समोरच्या न्हाव्याच्या झाडाला धड पानं नाहीत, त्याला खोकं कशाला? तो जेवायला गेला तेव्हा काढून आणलं. चोरी नाही ही. गरज बघून वाटप.

८ मार्च, सोमवार.
आता पाच खोकी. पोस्टाजवळचं, शाळेजवळचं, दवाखान्याजवळचंही आणलं. शिडी ह्यांनी धरली. धरली कसली, टेकून उभे होते. सून म्हणाली, आई, खोक्याला हात लावू नये असं लिहिलंय त्यावर. म्हटलं, तू वाचत बस, मी कामाला लागते.

१२ मार्च.
त्रेसष्ट किडे! मोजता मोजता एका शर्टाची कॉलर जळली. गिऱ्हाईक कटकट करायला लागलं. म्हटलं, तुमची कॉलर मोठी का गाव मोठं?
न्हावी म्हणतो, काकू, तुमच्या झाडाची पानं गळतायत. जळतो मेला.

१९ मार्च.
गळतायत खरी. झाड अंग झटकतंय. ताप उतरताना माणसाला नाही का घाम येत?

२२ मार्च, सोमवार. दुपारी.
भिंगवाला आला. वर बघून तोंड उघडं ते उघडंच. त्याच्या नकाशात झाडाझाडाला ठिपका, माझ्या झाडाला बशीएवढा. गावात पहिला नंबर! शाळेत कधी आला नव्हता. केसबिस सावरून उभी राहिले.
तर म्हणाला, बाई, खोकी किडे मारायला नाहीत, मोजायला आहेत. आत वासाची पुडी असते, त्या वासानं लांबलांबून किडे येतात. थोडे चिकटतात, बाकीचे झाडात घुसतात. गावातल्या इतर झाडांना औषध टोचणार, ती जगतील. माझ्या झाडाला लाल पट्टा. कापायचं.
म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, सांगतच होतो.
हे हसले. शिडी ह्यांनी धरली होती, म्हणजे निम्मा गुन्हा ह्यांचा.

२९ मार्च, सोमवार.
अर्ध्या तासात झाड आडवं. मी बघितलं नाही. पँटला इस्त्री करत होते. अर्धा तास, एकाच पँटला.
भिंगवाल्यानं तिथंच दुसऱ्या जातीचं रोप लावलं. गुडघ्याएवढं. कोवळं आहे, उन्हाळाभर दुपारचं ऊन लागू देऊ नका म्हणाला. आणखीही बरंच बोलला. या खेपेला सगळं ऐकून घेतलं.
घरात छत्री एकच. ती रोपावर बांधून उभी केली. टेबल आणि मी उन्हात.