धम् की धम्म?

मुलुंड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. विद्याधरकाकांस,
गार्गीचा सा. न. वि. वि.

नोकरी छान, भाड्याचं घरही छान. फक्त रोज सकाळी वरून असा दणका बसतो की फळीवरचे डबे हलतात. बाथरूमची भिंतही ओल धरतेय. वर धम्मपाल, त्यांची बायको नीलम आणि आई द्रौपदीआजी राहतात, तेही माझ्यासारखेच भाडेकरू. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, लेखी द्या. दिलं की! तेही मराठीत: ‘वरच्या घरात रोज सकाळी धम्म धम्म चालते. ते ताबडतोब बंद करावे.’ इंग्रजी शाळेतल्या पुतणीला आता तरी पास करा.

काकूला नमस्कार. माया करताच, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची गार्गी


चिपळूण, ८ फेब्रुवारी २०२५

चि. गार्गीस,
अ. उ. आ.

आधी पोट धरून हसलो आणि मग घाबरलो. अगं, दणक्याचा आवाज धम् धम्, म चा पाय मोडून. तू लिहिलंस धम्म. तो बुद्धाचा. त्या घरात सकाळी वंदना होत असणार, आणि तुझा अर्ज तीच बंद करायला सांगतोय. नापास! जन्मभर शुद्धलेखन शिकवलं, पण एका म ची अशी भीती कधी वाटली नव्हती. निरोप धाडू नकोस, स्वतः वर जा.

काकूचे आशीर्वाद. लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.
तुझा काका


मुलुंड, २ मार्च २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येईपर्यंत वाट लागली होती. सेक्रेटरींनी अर्ज नोटीस बोर्डावर लावला, आणि धम्मपालदादांच्या घरमालकांनी अ‍ॅग्रीमेंट वाढवणार नाही, घर बघा, असं सांगून टाकलं. मी सकाळीच वर गेले. द्रौपदीआजी नुसते ओठ हलवत वंदना म्हणत होत्या. अर्ज लागल्यापासून घरात तसंच चाललं होतं. मी रडतच म ची गोष्ट सांगितली. त्या ऐकत होत्या, तेवढ्यात तोच दणका!

आजींनी माझा हात भिंतीवर ठेवला. खाली पंप सुरू झाला होता आणि भिंतीतला पाइप थडथडत होता. काका, एवढ्या मोठ्या बिल्डिंगचं पाणी माझ्या तळहाताखालून वर चढत होतं. अंगावर काटा आला. रोज नळ सोडते, पण हे कधी मनातही आलं नव्हतं.

दादांना घेऊन मी कांदिवलीला त्यांच्या मालकांकडे गेले, अर्ज मागे घेतला, त्यांना इथे आणून भिंतीला कान लावायला लावला. ते ओशाळले. अ‍ॅग्रीमेंट झालं. प्लंबरने पाइप घट्ट बसवला, ओलही थांबली.

काल आजींनी जेवायला बोलावलं. दणका तर त्यांनाही ऐकू यायचा. त्यांना वाटायचं, खालची पोरगी व्यायामाच्या उड्या मारते. मी विचारलं, मग तुम्ही तक्रार का नाही केलीत? त्या म्हणाल्या, एकटी पोरगी, तिचं घर गेलं असतं. एवढं बोलून त्यांनी मला आणखी भात वाढला. काका, मी थक्क झाले आणि तो भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची गार्गी