आठ फूट लांबीचे पाणी

अण्णा,

गळक्या हौदाकडे तुम्हीही कधीतरी पाहत उभे राहिला असाल. वरच्या भोकातले पाणी भिंतीला चिकटून ओघळते, तळाजवळच्या भोकातले मात्र दूर उडते. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण तोच हौद दुप्पट लांब बांधला, तर तळाचे पाणी दुप्पट दूर उडेल का? आपल्या धारूरच्या घरात हा प्रश्न निघाला आणि त्याच्या उत्तरावर तुमचे बाजारातले नाव टांगले गेले.

नव्वदीनंतरची ती वर्षे. घरोघरी केबल आली होती आणि जाड काच, ती जोडायच्या सिलिकॉनच्या नळ्या असा माल औरंगाबादेहून सहज मिळू लागला होता. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि मला बैठकीत आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच मत्स्यालय स्वतः बांधायचे होते. आपल्या लिंगायत घरात माशाचे नावही निघत नसे. आई म्हणाली, "पाळायचेच हायत ना? मग पाळ. पर माझ्या चुलीकडं त्यांचं तोंड नगं." शेजारचे कापडवाले तुमच्या दुकानात येऊन हसले, "अण्णा, टँकर आला की गाव हंडे लावतंय, तुमचा मास्तर मासे लावनार!" पत्र्यावरून उतरणारे पाणी मी दोन पावसाळी महिने पिंपांत साठवले होते, हे त्यांना कुठे माहीत! तुम्ही हसला नाहीत. उभी हयात देवांच्या तसबिरींना काच बसवणारे तुम्ही म्हणालात, "तीन फुटाची कर. आठ फुटाचं पानी डिंकावर उभं ऱ्हात न्हाई. फुटलं तर लोक इचारतील, काच कापली कुनी?"

म्हणून मी अंगणात प्रयोग मांडला. एक तेलाचा डबा, एक मोठे पिंप. दोन्हींना एकाच खिळ्याने, सारख्याच उंचीवर भोक पाडले आणि भोकापासून वीतभर वरपर्यंत दोन्हींत पाणी भरले. तुम्ही ओट्यावर बसला आहात, टोपी गुडघ्यावर. "सोड," म्हणता. मी दोन्ही बुचे एकदम काढतो आणि दोन्ही धारा एकाच विटेवर पडतात. तुम्ही उठता, वाकता, तळहात पुढे करता. दोन्ही धारा त्या एका तळहातावर.

"म्हंजी पान्याला लांबी कळत न्हाई?"

"नाही अण्णा. भिंतीच्या एखाद्या ठिकाणी पाण्याचा जोर किती, हे त्या ठिकाणाच्या वर पाणी किती उंच आहे यावर ठरते. लांब काच मध्ये जास्त वाकते, हे मात्र खरे. म्हणून काच बारा मिलिमीटरची घ्यायची आणि वर काचेच्याच आडव्या पट्ट्या जोडायच्या."

"वर्गात सांगतूस तसं सांगू नको. काच कवा आनायची, ते बोल."

तेवढी जाड काच तुम्ही कधी कापली नव्हती. लहानपणी एकदा मी तुमच्या हिऱ्याच्या कलमाने काचेवर रेघ ओढली आणि ती पुसट वाटली म्हणून तिच्यावर पुन्हा हिरा फिरवला. तुम्ही माझे मनगट धरलेत. "एकदा वढली ती रेघ. दुसऱ्यांदा फिरवलास की काच तिच्या मनानं जाती." मत्स्यालयाची काच आली त्या दिवशी तुम्ही तिच्यावर रॉकेलचे बोट फिरवले, श्वास रोखला आणि काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हात एकदाच चालवला. खालून हळू ठोकत गेलात. काच सरळ दुभंगली. असे काम मी नंतर कुठे पाहिले नाही.

जोड आठवडाभर वाळू दिले. मग रोज वीतभर याप्रमाणे पाणी चढवले आणि रोज तुम्ही प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवून तो कोरडा असल्याचे मला दाखवलेत. टाकी काठोकाठ भरली, तेव्हा खुर्ची ओढून समोर बसलात. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला, कापडवाल्यांनाही, तुमचे एकच सांगणे असे, "मांडलं लेकानं. काच माझी."

तुम्ही गेल्याला किती वर्षे झाली! जोडांचे सिलिकॉन मी मध्ये एकदा बदलले. काच तीच आहे, एकही तडा नाही. आज ती पुसताना हे लिहावेसे वाटले. हा कागद तुमच्या कलमाच्या डबीत राहील, कारण यात एक गोष्ट आहे जी तुमच्यासमोर मला बोलता आली नसती. तुम्ही दुकानातून येण्याआधी मी तो प्रयोग एकदा करून पाहिला होता. धारा एका विटेवर पडल्या नव्हत्या. पिंपाचा पत्रा जाड, भोक तिरके झाले होते, धार अलीकडे पडत होती. मी कानस घेतली आणि धार त्या विटेवर जाईपर्यंत तेवढेच भोक घासत राहिलो. पुस्तकातला नियम खरा होता, अण्णा, पण तुम्हाला दाखवलेला पुरावा मी जुळवून आणलेला होता. आणि त्याच्या भरवशावर तुम्ही हिरा एकदाच फिरवलात.

आज सकाळी तो प्रयोग पुन्हा केला, सरळ मार्गाने. कुणालाही करता येईल. एक प्लास्टिकची बाटली घ्यावी, एक प्लास्टिकची बादली. तापवलेल्या एकाच सुईने दोन्हींना तळापासून चार बोटांवर सरळ भोक पाडावे आणि नंतर त्याला हात लावू नये. दोन्हींत भोकाच्या वर वीतभरच पाणी भरावे, बाटलीचे झाकण उघडे ठेवावे, दोन्ही एका पातळीवर शेजारी ठेवून भोकांवर धरलेली बोटे एकदम काढावीत. मग पाणी पडते तिथे तळहात धरावा. एकच पुरतो.